आभाळ गडगडलं, लाइट गेली. बिल कोणाच्या नावावर?

एप्रिल-मे म्हणजे पुण्यात वीजप्रश्नांचा हंगाम. दुपारी एसी, संध्याकाळी वळीव, रात्री अंधार आणि महिनाअखेर बिल. या खेपेच्या बहुतेक प्रश्नांमागे एकच शंका आहे: दोष हवामानाचा की नियमांचा? उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न: वळवाचे चार थेंब पडले की पाच मिनिटांत लाइट जाते. मुद्दाम बंद करतात का? आणि ‘पाऊस होता’ असे सांगितले की आमची तक्रार संपली का? (वाचक, कर्वेनगर)

मुद्दाम कोणी बंद करत नाही. मात्र ती आपोआप बंद व्हावी अशीच यंत्रणेची रचना आहे. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) उघडी तार खांबावर चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवलेली असते. दिवसभराच्या उन्हाने ते तापतात. त्यावर गार पाणी पडले की एकदम आकसून केसाएवढी चीर जाते. चिरेत पाणी शिरते, वीज खांबावाटे जमिनीत उतरू लागते, सबस्टेशनमधला अर्थ फॉल्ट रिले ते हेरतो आणि ब्रेकर अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून तुमच्या भागाकडे येणारी वाहिनी, तोडतो. तो तोडला नाही तर त्या खांबाला टेकलेला माणूस जिवाला मुकेल. दुसरे कारण धूळ. चार-पाच महिन्यांचा थर भुरभुर पावसात ओला झाला की इन्सुलेटरवर वीजवाहक चिखल तयार होतो. मुसळधार सर तो धुऊन टाकते, म्हणून भुरभुर जास्त छळते.

मग शोधाशोध सुरू. ब्रेकर एकदा पुन्हा टाकून पाहतात. नाही टिकला तर खांबावरचा एबी स्विच उघडून फीडरचा अर्धा भाग वेगळा करतात, उरलेला चालू करून पाहतात, मग अर्ध्याचा अर्धा. शेवटच्या तुकड्यात लाइनमन बॅटरी घेऊन खांबन् खांब बघत जातो. ती चीर जमिनीवरून दिसत नाही. म्हणूनच कुठे काही पडलेले नसतानाही दोन-दोन तास जातात.

आता नियम. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेची मानके ठरवण्याचा आणि ती मोडली तर ग्राहकाला भरपाई देववण्याचा अधिकार नियामक आयोगाला आहे. त्यानुसार महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम लागू आहेत. फ्यूज, उपरी वाहिनी, भूमिगत केबल आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) या प्रत्येकाला वेगळी मुदत, शहराला वेगळी आणि गावाला वेगळी. मुदतीचे घड्याळ तक्रार नोंदली की चालू होते. ‘शेजाऱ्याने केला असेल फोन’ म्हणून बसू नका. वीज कंपनीच्या, म्हणजे महावितरणच्या, १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर नोंद करा. तक्रार क्रमांक, वेळ आणि लाइट परत आल्याची वेळ लिहून ठेवा.

वादळ, पूर आणि ‘आटोक्याबाहेरच्या’ घटनांत कंपनीला सूट मिळते हे खरे. पण आटोक्याबाहेरचे काय, हे कंपनीने स्वतःच ठरवायचे नसते. वळीव पुण्याला नवा नाही. तारेला घासणाऱ्या फांदीची तक्रार तुम्ही मार्चमध्ये केली असेल आणि तीच फांदी मे महिन्यात तारेवर पडली, तर ते आभाळाचे संकट म्हणता येत नाही. तारखेसह फोटो आणि मार्चचा तक्रार क्रमांक जोडून ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. पुण्यासाठी ते मुंबईचे लोकपाल. भरपाईचा आकडा मोठा नसतो, चहापाण्याइतका म्हटले तरी चालेल. पण तुमचा फीडर कागदावर येतो, आणि पुढच्या दुरुस्तीच्या पैशांसाठी तो कागद लागतो.

प्रश्न: आमच्या सोसायटीचे मीटर पार्किंगमध्ये आहेत. पुराचे पाणी आले की काय करायचे, आणि पाणी उतरल्यावर लाइट लगेच का देत नाहीत? (वाचक, एकतानगरी, सिंहगड रस्ता)

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि तुमच्या भागात पार्किंग बुडाले, तो दिवस तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. त्याच पावसात डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. त्यामुळे पूर चढताना डीपी, फीडर पिलर आणि रिंग मेन युनिट या रस्त्यावरच्या वीजवाटपाच्या यंत्रांचा पुरवठा तोडतात ती अडवणूक समजू नका.

पाणी चढायच्या आत, पायाखालची जमीन कोरडी असेल तरच, मीटर पॅनेलचा मेन स्विच पाडा. पाणी आधीच आले असेल तर त्या खोलीत पाऊल टाकू नका, फोन करून बाहेरून पुरवठा तोडायला सांगा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. पाण्याचे पंप आणि जनरेटरचा स्वयंचलित चेंजओव्हर हाताने बंद करा. हा चेंजओव्हर हमखास विसरला जातो. बाहेरची लाइट गेली म्हणून जनरेटर आपोआप सुरू होतो आणि बुडालेल्या पॅनेलमध्ये वीज सोडतो.

पाणी ओसरल्यावर घाई नडते. भिजलेले एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार किंवा गळती झाली की वीज तोडणारे स्विच) वाळवून पुन्हा वापरू नका, बदला. आत गाळ बसतो, स्प्रिंग गंजते आणि गरजेच्या वेळी ते पडत नाहीत. केबलची टोके मागे कापून नवे लग (टोकाच्या धातूच्या टोप्या) लावा. पंपाच्या मोटरची वाइंडिंग वाळवून घ्या. मग घराघरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे सॉकेटमधून काढून ५०० व्होल्टचा मेगर (वायरिंगमधली गळती तपासणारे यंत्र) लावा: फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, फेज ते न्यूट्रल. किमान १ मेगाओहम मिळाले तरच पुढे जा. आधी जिन्याचे दिवे, मग एकेक सदनिका. मीटरचे सील मात्र तोडू नका, मीटर कंपनीची मालमत्ता आहे.

कायमचा उपाय म्हणजे पॅनेल पूररेषेच्या वर, बहुधा पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेणे. त्यासाठी उपविभागीय कार्यालयात अर्ज आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. हा खर्च सोसायटीचा. रस्त्यावरचे रोहित्र किंवा रिंग मेन युनिट चौथरा बांधून उंच करायचे असेल तर तो कंपनीचा भांडवली खर्च. तो शेवटी राज्यभराच्या वीजदरात मिसळतो.

प्रश्न: छतावर सौर पॅनेल आहेत, तरी लाइट गेली की घरात अंधार. फसवले का? (वाचक, बावधन)

नाही. ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की बंद पडलाच पाहिजे, असा सुरक्षेचा नियम आहे. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला लागेल. अंधारात दिवे हवेत तर हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि ‘आवश्यक भारा’चे वेगळे पॅनेल घ्या. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय त्यावर. गीझर आणि एसी नको.

प्रश्न: युनिट थोडेच वाढले, पण उन्हाळ्यानंतरचे बिल भलतेच वाढले. ‘इंधन समायोजन’ हा काय प्रकार आहे? (वाचक, औंध)

आधी बिलावरचे दिवस मोजा. रीडिंग ३० ऐवजी ३५ दिवसांनी घेतले असेल तर स्लॅब त्या प्रमाणात मिळायला हवा. मग टप्पे पाहा: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. मार्चमध्ये २९० आणि एप्रिलमध्ये ३४० युनिट झाली, तर वाढलेल्या ५० पैकी ४० युनिट महागड्या टप्प्यात गेली. वर सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, जे सरकारजमा होते.

इंधन समायोजन आकाराची गोष्ट वेगळी. आयोग वर्षाच्या आधीच वीजखरेदीचा खर्च मंजूर करतो. उन्हाळा अंदाजाहून कडक निघाला की जादा वीज पॉवर एक्स्चेंजवरून (विजेच्या घाऊक बाजारातून) घ्यावी लागते. सोपे आकडे धरू. मंजूर दर युनिटला ४.५० रुपये. १०० पैकी ९२ युनिट त्या दराने आली आणि ८ युनिट एक्स्चेंजवर १० रुपयांनी घेतली. सरासरी झाली ४.९४. म्हणजे केवळ ८ टक्के विजेने सगळ्या खरेदीवर ४४ पैसे चढवले. वाटेत १५ टक्के गळती धरली तर विकलेल्या युनिटमागे ते ५२ पैसे होतात. हा फरक काही काळाने बिलात येतो, म्हणून मे महिन्याची झळ पावसाळ्यात बसते.

याबाबत दोन तऱ्हेचे नियम झाले. आयोगाच्या २०१९ च्या बहुवर्षीय दर विनियमांत या आकाराला दराच्या बदलत्या भागाच्या २० टक्क्यांची मर्यादा होती. २०२० च्या दर आदेशात तर एक स्थिरीकरण निधीही केला, म्हणजे चढउतार त्यातच जिरावेत. २०२२ चा मार्च हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, कोळसा महागला, निधी आटला आणि आकार बिलात परतला. दुसरीकडे, केंद्राच्या डिसेंबर २०२२ च्या नियमांनी हा फरक दर महिन्याला आपोआप वसूल करण्याचा आग्रह धरला. आमचे मत: मासिक वसुली टोचते, पण ती परवडली. थकवलेला फरक व्याजासकट पुढच्या दरवाढीत येतो आणि तेव्हा तो कुठल्या उन्हाळ्याचा होता हे कोणालाच ओळखता येत नाही.

प्रश्न: टंचाईत आधी कोणाची लाइट जाते, हे कोण ठरवते? (वाचक, वाघोली)

अचानक तूट पडली तर माणूस ठरवत नाही, रिले ठरवतो. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास राखावी लागते. तूट पडली की ती घसरते. ४९.४ पर्यंत आली की ठरवून दिलेले फीडर आपोआप सुटतात, मग ४९.२, ४९.०, ४८.८ अशा पायऱ्या. आधी कळलेली तूट असेल तर भारनियमन येते. त्यासाठी महावितरणचे फीडर वितरण आणि वाणिज्यिक हानीनुसार (गळती, चोरी आणि न भरलेली बिले) ए पासून जी-३ पर्यंतच्या गटांत आहेत. जास्त चोरी आणि थकबाकीचा गट आधी. यात प्रामाणिक ग्राहकही भरडला जातो, कारण गट फीडरचा असतो, घराचा नाही. या नियमाचा तो उघड दोष आहे.

प्रश्न: वादळात वीज पूर्ण जात नाही, नुसती लपकते, आणि सीएनसी (संगणकावर चालणारी) मशिन बंद पडतात. खात्रीच्या विजेसाठी जादा पैसे द्यायची तयारी आहे. नियम परवानगी देतो का? (लघुउद्योजक, चाकण)

देतो, आणि ही कल्पना पुण्याला नवी नाही. २००६ मध्ये राज्यात तास-तास भारनियमन होते, तेव्हा पुण्यातल्या उद्योगांनी आपली सुमारे ९० मेगावॉटची स्वतःची निर्मितीयंत्रे टंचाईच्या वेळी चालवायची, तेवढा भार ग्रिडवरून उतरवायचा आणि महाग इंधनाचा फरक शहरातल्या जास्त वापराच्या ग्राहकांनी विश्वासार्हता आकार म्हणून भरायचा, असा तोडगा आयोगाच्या मंजुरीने निघाला. शहर भारनियमनातून सुटले. या योजनेवर टीकाही झाली: पैसे असलेल्या शहराने अंधारातून सुटका विकत घेतली आणि बाकी राज्य तसेच राहिले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत एप्रिल २०२२ ला दुरुस्ती झाली. तिच्यानुसार महानगरे आणि मोठ्या शहरांत जनरेटर लागू नयेत इतका अखंड पुरवठा हवा, आयोगाने त्यासाठी पुरवठ्यातल्या खंडांची संख्या आणि कालावधी यांची उद्दिष्टे आखायची, कंपनीला गुंतवणुकीसाठी पैसे लागले तर वेगळा विश्वासार्हता आकार मंजूर करता येतो आणि पुरवठा राखला नाही तर दंडाची तरतूदही करायची. आकार आणि दंड एकाच दुरुस्तीत आहेत. मागणी करताना दुसरा भाग विसरू नका.

तुमचा त्रास मात्र या आकाराने सुटणार नाही. शेजारच्या फीडरवर फांदी पडली की ब्रेकर सुटेपर्यंतच्या १०० ते ३०० मिलिसेकंदांत सामाईक बसबारचा (सबस्टेशनमधल्या ज्या पट्टीवरून सगळे फीडर निघतात तिचा) व्होल्टेज बुडतो. तुमचा फीडर चालूच असतो, त्यामुळे हे खंडांच्या आकडेवारीत कुठेच मोजले जात नाही. पण पॅनेलमधला कॉन्टॅक्टर (मशिनची वीज जोडणारा चुंबकी स्विच) तेवढ्यात सुटतो. जनरेटर इथे निरुपयोगी, कारण तो सुरू व्हायलाच काही सेकंद घेतो. आधी फक्त कंट्रोल सर्किट छोट्या यूपीएसवर घ्या. मग व्हीएफडीमधले (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रातले) राइड-थ्रूचे, म्हणजे क्षणभराची बुडी सोसण्याचे, सेटिंग चालू आहे का पाहा, बहुतेकदा ते बंदच असते. हे काही हजारांत होते. अख्ख्या मशिनला यूपीएस लावायचा विचार त्यानंतर. आणि वेळेचा शिक्का मारणारा पॉवर क्वालिटी मीटर बसवा, म्हणजे सबस्टेशनच्या नोंदींशी ताळा घालता येईल.

जनरेटरचा हिशेबही करून ठेवा. लिटरभर डिझेलमधून ३ ते साडेतीन युनिट निघतात. डिझेल ९० रुपये धरले तर नुसते इंधन युनिटला २६ ते ३० रुपये.

आणि संकट फक्त वादळाचेच येते असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहाटेच्या दाट धुक्यात आणि दवात ४०० केव्हीच्या वाहिन्या ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकणचा मोठा भाग बंद पडला. कारण तेच, इन्सुलेटरवरचा ओला थर. फक्त व्होल्टेज मोठा, म्हणून अंधारही मोठा.

प्रश्न: सगळ्याच तारा जमिनीखाली का घालत नाहीत? (वाचक, प्रभात रस्ता)

घालता येतील. १ कोटीच्या कामाचा हिशेब बघा. नियमाने ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल धरतात. कर्जावर समजा ९ टक्के व्याज, म्हणजे ६.३ लाख. भागभांडवलावर समजा १४ टक्के परतावा, ४.२ लाख. घसारा ५.२८ टक्क्यांनी ५.२८ लाख. पहिल्या वर्षीच सुमारे १५.८ लाख रुपये दरात जातात, आणि भूमिगत केबलचे काम उपरी वाहिनीच्या कितीतरी पट महाग असते. शिवाय केबलचा बिघाड दुर्मीळ असला तरी शोधायला चाचणी व्हॅन, खणायला महापालिकेची परवानगी आणि जॉइंट करायला कोरडा खड्डा लागतो. पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी एकदम मिळणे कठीण. जेसीबीचा दात हा तर बारमाही शत्रू. जिथे झाडी दाट आहे तिथे आवरण असलेली तार आणि पॉलिमर इन्सुलेटर हा मधला मार्ग आम्हाला जास्त पटतो.

प्रश्न: अमेरिकेतल्या टेक्सासने वीजबाजार मोकळा केला आणि थंडीत बुडाला, असे वाचले. आपल्याकडे तसे होईल का? (वाचक, कोथरूड)

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला जे झाले त्याला ‘बाजार मोकळा’ एवढेच कारण नाही. टंचाईत घाऊक दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरपर्यंत चढू द्यायचा, म्हणजे त्या आशेने लोक प्रकल्प तयार ठेवतील, असा तिथला हिशेब होता. हा दर आपल्या युनिटला तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपयांच्या घरात जातो. पण गॅसच्या विहिरी, पाइप आणि प्रकल्पातली उपकरणे थंडीपासून झाकायची सक्ती नव्हती. २०११ मध्ये असाच गारठा पडला होता, शिफारशी झाल्या होत्या, त्या ऐच्छिक राहिल्या. दर छताला टेकला तरी गोठलेली विहीर गॅस देत नाही. वर राज्याचे ग्रिड शेजाऱ्यांशी नावापुरतेच जोडलेले. संपूर्ण ग्रिड कोसळण्यापासून ते ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होते. घाऊक दर थेट घरी लावणारी योजना घेतलेल्यांना हजारो डॉलरची बिले आली. नंतर दराची मर्यादा ५,००० डॉलरवर आणली आणि थंडीची तयारी कायद्याने सक्तीची केली.

आपण दुसऱ्या टोकाला आहोत. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने एक्स्चेंजवर युनिटला १२ रुपयांची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी ती १० वर आली. ग्राहक वाचला, पण आयात कोळशाचे प्रकल्प त्या दरात चालेनात, म्हणून मे २०२२ मध्ये केंद्राला वीज कायद्याचे कलम ११ वापरून ते चालवायचे आदेश काढावे लागले. आंतरराज्य जोडणीत मात्र आपण बरे आहोत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड बाकी देशाला जोडले गेले आणि तेव्हापासून सारा देश एका वारंवारतेवर चालतो.

आपल्याकडची गोठलेली विहीर म्हणजे कोरडे धरण. २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोयनेची १,९६० मेगावॉट क्षमता संध्याकाळच्या मागणीला धावून येते, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. मे महिन्यात तो कोटा संपत आला असेल तर मेगावॉट कागदावरच. कोळशाच्या साठ्याला मात्र डिसेंबर २०२१ पासून नियम आहेत: खाणीजवळच्या केंद्रात १२ ते १७ दिवसांचा, लांबच्या केंद्रात २० ते २६ दिवसांचा. पाण्याच्या साठ्यालाही असाच दंडासकट नियम हवा, असे आम्हाला वाटते.

प्रश्न: दरवाढीच्या सुनावणीत सामान्य माणसाने बोलून काही होते का? (वाचक, हडपसर)

‘दरवाढ नको’ एवढेच बोलून होत नाही. सूचना-हरकतींची मुदत जाहिरातीत दिलेली असते, ती गाठा. मराठीत लिहिले तरी चालते. आपल्या फीडरचे नाव उपविभागातून घ्या, वर्षभरातल्या खंडांची वही जोडा आणि तीन गोष्टी मागा: त्या फीडरवरच्या खंडांची संख्या आणि कालावधी, पावसाळ्यापूर्वीच्या कामांची यादी झालेल्या तारखांसह, आणि गेल्या वेळी मंजूर झालेल्या भांडवली कामांपैकी तुमच्या भागात काय उभे राहिले. वही ठेवायचा कंटाळा असेल तर व्होल्टेज नोंदवणारे छोटे यंत्र लावा. पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटाने अशी यंत्रे ठिकठिकाणी बसवून मिनिटामिनिटाच्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या आहेत. सुनावणीत बोलायला वेळ मोजकाच मिळतो. फीडरचे नाव पहिल्याच वाक्यात घ्या.